पाहुणा दुसऱ्या सभेला का येत नाही?

वेशीवरचा
मंडळी, एक प्रश्न घेऊन आलो आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचं मराठीतून भाषणाचा सराव करणारं मंडळ भरतं. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, संध्याकाळी ५ ते ७. कुठल्या संस्थेशी संलग्न नाही, पण सभेचा साचा टोस्टमास्टर्सचा (भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची ती जागतिक संघटना): तयारीची तीन भाषणं, अर्धा तास आयत्या वेळचे विषय (विषय तिथेच कळतो आणि लगेच बोलायचं), प्रत्येक भाषणावर अभिप्राय, शेवटी वेळेचा आणि भाषेचा अहवाल. सभासद २४.

प्रत्येक सभेला दोन-तीन पाहुणे येतात. गुलाबाचं फूल, टाळ्या, शेवटी त्यांचं मनोगत, सगळं होतं. "फार छान उपक्रम" म्हणतात, जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. स्वागतात काय कमी पडतं? आणि दुसरं म्हणजे शहरात इंग्रजी क्लब आहेत, पैसे भरून करायचे वर्ग आहेत. मग याच मंडळात यावं असं वेगळेपण कशातून येतं? घोषवाक्यं नकोत, काय करायचं ते सांगा.

कढीपत्ता
आधी ते फूल बंद करा. चारचौघांची नजर वळली की ज्याला घाम फुटतो तोच अशा मंडळात येतो, आणि तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत त्याला उभं करून टाळ्या वाजवता. मनोगत त्याहून जड जातं. सभाभर त्याचं लक्ष भाषणांकडे नसतंच, शेवटी आपण काय बोलायचं याची जुळवाजुळव चाललेली असते.

उंबरठा
कढीपत्ता, अगदी. स्वागत दारात होतं, मंचावरून होत नाही.

दारात एक माणूस ठेवा. सभेआधी २० मिनिटं उभा राहील आणि सभा सुरू झाल्यावरही १५ मिनिटं तिथेच थांबेल, कारण नवखा माणूस हॉल शोधत उशिरा पोचतो आणि आत भाषण चालू दिसलं की जिन्यावरूनच परत फिरतो. टोस्टमास्टर्समध्ये हे काम 'सार्जंट ॲट आर्म्स' या पदाकडे असतं. त्या दिवशी त्या माणसाकडे दुसरी कुठलीही भूमिका नको. नाहीतर "जरा माइक लावून येतो" म्हणत तो आत जातो आणि दार मोकळं राहतं.

पाहुण्याला दारातच तीन गोष्टी सांगायच्या: सभा ७ ला नक्की संपते, मधून उठून गेलात तरी चालेल, आणि आज बोलायची सक्ती नाही. मग विचारायचं, "आयत्या विषयात तुमचं नाव घेऊ का?" जे 'हो' म्हणतील त्यांचीच यादी संचालकाकडे जाईल. समोरून अचानक नाव पुकारणं कायमचं बंद.

नावपट्टी सगळ्यांनी लावायची, फक्त पाहुण्याने नाही. जाड मार्करने, दोन हातांवरून वाचता येईल एवढी.

खुर्च्या कमी मांडा. २५ जण येतील असं वाटत असेल तर २० मांडून बाकीच्या भिंतीशी रचून ठेवा. अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये नवा माणूस शेवटच्या रांगेत कोपरा धरतो आणि तिथे त्याच्याशी कोणी बोलत नाही. दोन रांगांचा अर्धगोल करा, आणि त्याच्या शेजारी असा सभासद बसवा जो "आता हे अभिप्राय देणार, दोन-तीन मिनिटांचं काम" असं हळूच सांगत राहील. कार्यक्रमपत्रिकेत संक्षेप नकोत. प्रत्येक भूमिकेपुढे एका ओळीत काम लिहा.

सातारी_कंदी
चहा आधी की नंतर?

उंबरठा
@सातारी_कंदी, मध्ये. सभेनंतरचा चहा पाहुण्याला मिळतच नाही, तो बस पकडायला निघून जातो. ५:५० ला दहा मिनिटं. त्यातली पहिली पाच मिनिटं सभासदांनी आपापसांत बोलायचं नाही, असा नियमच करा. नाहीतर जुने चौघे एका घोळक्यात आणि पाहुणा हातात कप घेऊन भिंतीवरची वाचनालयाची नियमावली वाचतोय, हे चित्र ठरलेलं.

अनुस्वार
वरचं सगळं पटतं, पण माझ्या मते माणूस परत येणार की नाही हे दारात ठरत नाही. पाहुणा स्वतःच्या स्वागताकडे फारसं पाहतच नाही. त्या दिवशी जो सर्वांत जास्त अडखळला त्याला काय वागणूक मिळते, इकडे तो डोळे लावून बसलेला असतो. कारण उद्या तिथे आपण उभे असणार हे त्याला कळतं. अडखळणाऱ्याचा विचका झाला तर दारातलं कितीही गोड बोलणं वाया गेलं. नुसतं "वा, फारच छान" झालं तरी वाया, कारण भाषण छान नव्हतं हे पाहुण्यालाही दिसलेलं असतं. मग इथे खरं कोणी सांगत नाही, असं तो समजतो.

म्हणून अभिप्राय हे मंडळाचं खरं काम. वेळ दोन ते तीन मिनिटं. सभेआधी अभिप्राय देणाऱ्याने वक्त्याला एकच प्रश्न विचारायचा: "आज कशाकडे लक्ष देऊ?" मग ऐकताना कागदाचे दोन भाग करायचे. डावीकडे जे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे त्याने ऐकणाऱ्यावर काय झालं ते. बोलताना दोन्ही जोडून बोलायचं. शेवटी सूचना एकच, आणि ती पुढच्या भाषणात करून बघता येईल अशी.

रोखठोक
माफ करा, पण हे सगळं गुळमुळीत वाटतंय. माणूस सुधारायला येतो. पाच चुका असतील तर पाचही सांगा. एकच सांगितली तर उरलेल्या चार तो आयुष्यभर करत बसेल. गोंजारून वक्ता तयार होत नाही.

अनुस्वार
@रोखठोक, स्पष्ट बोलायला माझा विरोध नाही. बोलणं मोघम राहतं, अडचण तिथे आहे. उदाहरण देते.

मोघम: "तुमचा आत्मविश्वास कमी वाटला. देहबोलीवर काम करा."

नेमकं: "आजीच्या चुलीचं वर्णन करताना तुम्ही कागदावरून मान वर केलीत आणि तिथे सगळा हॉल स्तब्ध झाला. त्याआधीची दोन मिनिटं नजर कागदावर होती, तेव्हा मला शब्द ऐकू आले पण चूल दिसली नाही. पुढच्या वेळी पहिली चार वाक्यं पाठ करा आणि कागद टेबलावर ठेवून सुरुवात करा."

दुसऱ्यात दोष लपवलेला नाही, उलट पहिल्यापेक्षा जास्त सांगितला आहे. 'आत्मविश्वास वाढवा' ही सूचना कोणालाच अमलात आणता येत नाही. कागद टेबलावर ठेवणं कोणालाही जमतं. आणि पाच चुकांचं म्हणाल तर त्या पाचही लिहून वक्त्याच्या हातात द्या, घरी जाऊन वाचेल. सगळ्यांसमोर एकच.

अभिप्राय बिघडण्याच्या ठरलेल्या जागा तीन. एक, अभिप्राय देणारा विषयावर स्वतःचंच भाषण करतो. दोन, मताशी वाद घालतो: वक्ता धरणाच्या बाजूने बोलला की हा विरोधातले मुद्दे मांडतो. तीन, कपडे, रंग, वजन, आवाजाचा पोत यावर टिप्पणी. तिसऱ्यावर पूर्ण बंदी हवी आणि ती छापील नियमांत हवी.

रोखठोक
चुलीचं उदाहरण पटलं. लेखी पाच, तोंडी एक. हे मान्य.

काजवा
"व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो..." साठीतले गृहस्थ पण पहिल्या भाषणाला हेच सुरू करतात, आणि समोर बालमित्र एकही नसतो :)

चिंचेचं_पान
काजवा, हसू आलं, पण मुद्दा मोठा आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेने आपल्या सगळ्यांना एक सूर लावून दिला आहे. वाक्य वर चढवत न्यायचं, शेवटी हात उंचावायचा, मधून सुभाषित पेरायचं. नव्या माणसाला वाटतं की भाषण म्हणजे हाच सूर, आणि तो आपल्याला जमत नाही म्हणून आपल्याला भाषण जमत नाही. मराठी मंडळाचं वेगळेपण इथे सुरू होऊ शकतं. पहिलं भाषण बसून, गप्पांच्या सुरात करायची मुभा द्या. संबोधन नाही, थेट पहिलं वाक्य. टोस्टमास्टर्समध्ये पहिलं 'आइस ब्रेकर' भाषण ४ ते ६ मिनिटांचं आणि विषय स्वतःची ओळख. त्यातही जन्मगावापासून नोकरीपर्यंत यादी वाचायचा मोह होतो. एकच वस्तू हातात घेऊन बोलायला सांगितलं की ओळख आपोआप होते.

पारावर
मुळात ही परदेशी पद्धत आपल्याला हवीच कशाला? पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. आपल्याकडे बोलण्याची परंपरा कमी आहे का?

चिंचेचं_पान
@पारावर काका, परंपरेबद्दल दुमत नाही. पण व्याख्यानमालेत तयार वक्ता येतो आणि आपण श्रोते असतो. तिथे अडखळायला जागा नाही, असूही नये. राल्फ स्मेडली या गृहस्थांनी अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत काम करताना तरुणांना बोलण्याच्या सरावाची गरज आहे हे पाहिलं, १९०५ मध्ये एक प्रयत्न केला, आणि २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे जी सभा घेतली तिच्यापासून आजची टोस्टमास्टर्स संघटना धरली जाते. त्यांनी घडवला तो सरावाचा आखाडा. व्याख्यानमाला म्हणजे कुस्त्यांचा फड. गावाला दोन्ही लागतात.

आणि मूळ ठिकाणीही दार सगळ्यांना उघडं नव्हतं. स्त्रियांना सभासदत्व अधिकृतपणे १९७३ मध्ये मिळालं. त्यामुळे 'आमचं मंडळ सर्वांसाठी खुलं' असं छापून भागत नाही, सभेची वेळ, जिना, परतीची बस हेही बघावं लागतं.

पारावर
आखाडा आणि फड. बरं समजावलंत.

घड्याळजी
वेळेबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. वेळ पाळणं हा आतिथ्याचाच भाग आहे.

वेळ मोजणाऱ्याने कार्डं दाखवायची: हिरवं, पिवळं, लाल. ५ ते ७ मिनिटांच्या भाषणाला ५, ६ आणि ७ मिनिटांवर. आयत्या विषयाला १, दीड, २ मिनिटांवर. अभिप्रायाला २, अडीच, ३ वर. पुढे ३० सेकंदांची सवलत. वेळ मोजणारा दोन रांगांच्या मधोमध मागे बसला पाहिजे. बाजूला बसला तर कार्ड शोधायला वक्त्याला मान वळवावी लागते आणि वाक्य तुटतं. कार्ड वर करून पुढचं कार्ड येईपर्यंत तसंच धरायचं. दाखवून लगेच खाली घेतलं तर वक्त्याला दिसलं की नाही कळत नाही. लाल-हिरवा फरक न कळणारे लोक असतात, म्हणून कार्डावर ५, ६, ७ हे आकडे मोठे लिहा.

लाल कार्डानंतर ज्येष्ठ सभासद बोलत राहिले आणि नवख्याला मात्र घंटा वाजवून थांबवलं, असं एकदा जरी झालं तरी पाहुण्याच्या लक्षात राहतं. नियम अध्यक्षांनाही तोच.

माळरान
आता भाषेच्या अहवालाविषयी. हा नीट झाला नाही तर मराठी मंडळ इंग्रजी क्लबपेक्षाही जास्त घाबरवणारं होतं.

आधी अडखळशब्द. इंग्रजीत 'अं', 'आँ' मोजतात तसं मराठीत 'म्हणजे', 'तर', 'असं', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली' मोजतात. पण 'म्हणजे' आणि 'तर' हे कामाचे शब्दही आहेत. "तो आला तर सांग" यातला 'तर' मोजणारे लोक आहेत! कसोटी साधी: शब्द काढून वाक्य म्हणून बघा. अर्थ तोच राहिला तर मोजा, बिघडला तर सोडा. कोल्हापूर-सोलापूरकडचा वाक्याच्या शेवटचा 'की' आणि ठिकठिकाणचा 'ना' हे अडखळणं नाही, ती बोलीची लय आहे. मोजू नका.

मग उच्चार. कोणी 'पानी', 'आनि' म्हणालं म्हणून भर सभेत दुरुस्ती करणं हा पाहुणा गमावण्याचा सर्वांत झटपट मार्ग. भाषा-निरीक्षकाने ण-न, ळ-ल याची नोंद जाहीर वाचूच नये. ज्याला प्रमाण उच्चार शिकायचा आहे त्याने स्वतः मागावं, मग एकट्याला सांगावं. उलट अहवालात चांगले शब्द वाचून दाखवा: आज कोणी 'झुंजूमुंजू' म्हणालं, कोणी 'वळचण' म्हणालं. खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्याला आपला शब्द सभेत गौरवाने परत ऐकू आला की तो पुढच्या वेळी दोन शब्द जास्त घेऊन येतो. वर्षभर हे शब्द एका वहीत उतरवत गेलात तर ती वही दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे नसेल. वेशीवरचा यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं हे उत्तर.

अनुस्वार
माळरान, 'पानी'चा मुद्दा शंभर टक्के. मराठी नव्याने शिकणाऱ्यांचं मात्र वेगळं. 'चार' आणि 'चारा' यातला च वेगळा आहे हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण अक्षर एकच. त्यांना ते हवंच असतं. विचारून सांगायचं, एवढंच.

दूरदेशी
इथे परदेशात मराठी मंडळांत हाच उपक्रम ऑनलाइन चालतो, तिथल्या दोन गोष्टी. वेळ मोजणाऱ्याने आपल्या चित्रामागची पार्श्वभूमीच हिरवी, पिवळी, लाल करायची, आणि वक्त्याने त्याचा चौकोन सुरुवातीलाच पिन करून ठेवायचा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर हवा, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं.

दुसरं, समजतं पण बोलता येत नाही अशी इथे वाढलेली मुलं येतात. त्यांना मध्येच इंग्रजी शब्द वापरायची मुभा असते. अट एकच, वाक्याचं क्रियापद मराठी हवं. या एका अटीने गाडी पुढे सरकते.

कढीपत्ता
आयत्या विषयांचं राहिलं. माहिती लागणारा प्रश्न नको. 'अर्थसंकल्पाबद्दल तुमचं मत' म्हटलं की नवा माणूस गार. 'हो-नाही'त संपणारा पण नको. "घरातली कुठली वस्तू टाकून द्यायला हात धजत नाही?" याला उत्तर प्रत्येकाकडे असतं. आधी प्रश्न वाचायचा, क्षणभर थांबायचं, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकीचे विचार करायचं सोडून देतात.

हिशेबी
सगळं वाचलं. एक गणित मांडतो, कारण गळतीचं अर्धं कारण तिथे आहे असं वाटतं.

महिन्यात दोन सभा, सभेत तीन भाषणं. वर्षाला २४ सभा, ७२ भाषणं. सभासद २४, म्हणजे प्रत्येकाला वर्षात तीन, चार महिन्यांतून एक. पाहुण्याने आज नाव नोंदवलं आणि पहिलं भाषण चार महिन्यांनी मिळणार असेल तर तो कशाला थांबेल? त्यातून जुने लोक पुढच्या सहा सभा आधीच भरून ठेवतात.

उपाय: तीनपैकी एक जागा कायम नव्यांसाठी राखीव. सभेच्या ४८ तास आधीपर्यंत कोणी नवा नसेल तरच ती जुन्याला. नव्याची चढण अशी: दुसऱ्या सभेला वेळ मोजायचं काम (बोलायचं असतं ते जेमतेम एक मिनिट, तेही कागदावरून), तिसऱ्या सभेला आयता विषय, चौथ्या किंवा पाचव्या सभेला पहिलं भाषण. प्रत्येक नव्यामागे एक जुना सभासद, जो पहिल्या भाषणाचा खर्डा आधी एकदा ऐकून घेईल. तिसांच्या वर संख्या गेली की दुसरं मंडळ काढा. टोस्टमास्टर्समध्ये नवा क्लब काढायला २० सभासद लागतात, पण चालू राहायला आठही पुरतात. बोलायला मिळण्याच्या दृष्टीने लहान मंडळ केव्हाही बरं.

सातारी_कंदी
सभेनंतरच्या निरोपाचंही लिहा कोणीतरी. न विचारता व्हॉट्सॲप गटात घालतात, मग रोज सुप्रभात.

उंबरठा
हो, ते महत्त्वाचं. २४ तासांच्या आत एकच निरोप, ज्याने शेजारी बसून समजावलं त्याच्याकडून. त्यात पुढच्या सभेची तारीख आणि एक नेमकं आमंत्रण: "पुढच्या वेळी वेळ मोजायला बसाल का?" नुसतं 'पुन्हा या' याला माणूस 'हो' म्हणतो आणि विसरतो. काम दिलं की येतो. वर्गणीचा विषय पहिल्या दोन सभांत काढायचा नाही. गटात घालायचं ते विचारून, आणि गटावर फक्त सभेचे निरोप.

वेशीवरचा
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. अनुस्वार ताईंचा मुद्दा मनात बसला. आमच्याकडे अभिप्राय कोण देणार हे सभेत ऐनवेळी ठरतं, आणि तो "छान"वरच संपतो. पुढच्या शनिवारपासून असं करतोय: फूल आणि मनोगत बंद, दारात एक माणूस, अभिप्राय देणारे तीन दिवस आधी ठरलेले, तिसरी जागा नव्यांसाठी राखीव, आणि माळरान म्हणतात ती शब्दांची वही.

एक शंका उरली. अडखळशब्द आले की आमच्याकडे घंटी वाजवतात. काही जुन्या सभासदांना ती हवी आहे, सवय लवकर मोडते म्हणतात.

माळरान
घंटी वाजली की बोलणाऱ्याचा धागा तुटतो आणि सावरायला तो पुन्हा 'म्हणजे'च म्हणतो. मोजायचं काम कागदावर, शेवटी आकडा सांगायचा. ज्या जुन्या सभासदांना घंटी हवी त्यांनी आपल्या भाषणाआधी तसं जाहीर मागावं, त्यांच्यापुरती वाजवा. पहिल्या तीन भाषणांपर्यंत नव्याचा आकडासुद्धा जाहीर वाचू नका, चिठ्ठीवर द्या.

रोखठोक
चिठ्ठीला +१. आणि मंचावरचं ते उंच लाकडी पोडियम असेल तर बाजूला सरकवा. पाच फुटांच्या बाईंचं नुसतं कपाळ दिसतं.

घड्याळजी
पंख्याचंही बघा. मंचावरचा पंखा चालू असेल तर कागद उडतो आणि माइकमध्ये नुसती घरघर येते. भाषणापुरता तेवढा एक बंद ठेवा. माइक हनुवटीपासून चार बोटं, किंचित खाली धरलेला, म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटत नाहीत. नव्या माणसाला हे सभेआधी एकदा हातात देऊन दाखवा.

वेशीवरचा
पोडियम आहे, आणि उंचच आहे. शुक्रवारी संध्याकाळी हॉलची किल्ली घेऊन दोघंजण सरकवून ठेवतो. कार्डं पुठ्ठ्याची करू की लॅमिनेट?

घड्याळजी
साधा जाड पुठ्ठा, मोठ्या वहीच्या आकाराचा. लॅमिनेट केलं तर ट्यूबलाइटची चमक येते आणि रंग दिसत नाही.